एका खंडाला किती संसदा? ‘सडेतोड’ यांच्या लेखाला उत्तर

राईनकाठी

परवा ‘सडेतोड’ यांनी इथे लिहिलं, की युरोपात संसदांचं रान माजलंय. युरोपियन पार्लमेंट आहेच, तरी युरोप परिषदेची (ही मानवी हक्कांची संघटना, युरोपीय संघाहून वेगळी) असेंब्ली वेगळी, ओएससीईची (सुरक्षा आणि सहकार्याची संघटना) वेगळी, नाटोची वेगळी, वर नॉर्डिक देशांची आणि बेनेलक्सची (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग). सगळीकडे तेच खासदार जाऊन तीच भाषणं करतात. तेव्हा बाकीच्यांना टाळं लावावं आणि काय ते काम युरोपियन पार्लमेंटकडे सोपवावं. त्याखाली धडाधड +१ पडले. ते बघून दोन रात्री चडफडत होते. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी जर्मनीत केलमध्ये राहते. राईन ओलांडली की फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग. २०१७ पासून ट्रामच पुलावरून पलीकडे जाते. ज्या इमारतींना टाळं लावायचं चाललंय त्या माझ्या जाण्यायेण्यातल्या आहेत. आमच्या शेजारी एक तुर्की बाई राहतात. त्यांच्या भावाची शिक्षकाची नोकरी २०१६ नंतरच्या आणीबाणीत गेली. गेल्या उन्हाळ्यात त्यांना घेऊन पलीकडे गेले होते. युरोपियन पार्लमेंटच्या काचेच्या इमारतीकडे त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. पॅले द लूरोप या युरोप परिषदेच्या इमारतीसमोर झेंड्यांची रांग आहे, तिथे थांबून आपला झेंडा शोधला. “तिकडे आमचं कुणी नाही. इकडे अठरा जण आहेत,” म्हणाल्या. म्हणजे तुर्कस्तानचे अठरा खासदार.

‘सडेतोड’, तुमच्या योजनेत या बाई कुठे बसतात? युरोपियन पार्लमेंट २७ देशांचं. युरोप परिषदेत ४६ देश आहेत. उरलेल्या १९ देशांत तुर्कस्तान आहे, युक्रेन आहे, सर्बिया, जॉर्जिया, आर्मेनिया, स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि आता ब्रिटनही आहे. ‘सगळं काम सोपवा’ म्हणताना या लोकांना उंबऱ्याबाहेर काढतोय हे एकदाही तुमच्या मनात आलं नाही?

‘तेच खासदार’ हे तर सरळ चूक आहे. युरोपियन पार्लमेंटचे ७२० सदस्य थेट निवडून येतात आणि २००४ पासून त्यांना स्वतःच्या देशाच्या संसदेत बसताच येत नाही. पेसमध्ये (युरोप परिषदेच्या असेंब्लीला इथे सगळे पेसच म्हणतात) ३०६ सदस्य आहेत. ते आपापल्या देशाच्या संसदेतूनच येतात, वर्षातून चार आठवडे बसतात आणि परत जाऊन घरच्या सरकारला प्रश्न विचारतात. एक सभागृह कायदे करतं, अंदाजपत्रकावर मत देतं. दुसऱ्याला कायदा करण्याचा काडीचा अधिकार नाही, पण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाचे न्यायाधीश तेच निवडतं. प्रत्येक देशाने तीन नावं द्यायची, असेंब्लीने एक निवडायचं, मुदत नऊ वर्षं. टाळं लावल्यावर हे कोण करणार? आर्मेनियाचा न्यायाधीश पोर्तुगालच्या मतदारांनी पाठवलेले लोक निवडणार?

आणि थोरली कोण तेही एकदा बघा. १० ऑगस्ट १९४९ ला युरोप परिषदेची असेंब्ली पहिल्यांदा बसली, अध्यक्ष बेल्जियमचे स्पाक. १९५२ मध्ये कोळसा-पोलाद समुदायाची ७८ जणांची सभा (आजच्या युरोपियन पार्लमेंटचं मूळ, म्हणजे धाकटी) भरली ती त्याच थोरलीच्या सभागृहात, आणि तिचेही पहिले अध्यक्ष स्पाकच. बारा ताऱ्यांचा झेंडा थोरलीने १९५५ मध्ये घेतला, धाकटीने जवळपास तीस वर्षांनी तोच उचलला. १९९९ पर्यंत धाकटी स्ट्रासबर्गला थोरलीच्याच दिवाणखान्यात भाड्याने बसत होती. आता धाकटीचं घर मोठं झालं म्हणून थोरलीला बाहेर काढायचं?

दोघींनी मिळून केलेलं एक काम सांगते. सीआयएचे गुप्त तुरुंग. २००६ आणि २००७ मध्ये पेसतर्फे स्विस खासदार डिक मार्टी यांनी अहवाल दिले. साक्षीदाराला हजर राहायला भाग पाडण्याचा अधिकार नसताना त्यांनी विमानांच्या नोंदी जुळवत पोलंड आणि रोमानियापर्यंत माग काढला. त्याच सुमारास युरोपियन पार्लमेंटची खास समिती बसली, तिने किमान १२४५ उड्डाणं मोजली. सरकारं कानांवर हात ठेवून होती. पुढे २०१२ मध्ये मॅसिडोनियाविरुद्ध आणि २०१४ मध्ये पोलंडविरुद्ध स्ट्रासबर्गच्या न्यायालयाचे निकाल लागले. मॅसिडोनिया तेव्हाही युरोपीय संघात नव्हता, आजही नाही. एकच सभागृह असतं तर हा माग अर्ध्यावरच तुटला असता.

सडेतोड

माझ्या लेखावर वेगळा धागा काढलात, चांगलं केलंत. पण सोयीचं तेवढंच सांगितलंत. अझरबैजानचं बाकू कुठाय?

जानेवारी २०१३: अझरबैजानच्या राजकीय कैद्यांवरचा अहवाल तुमच्या थोरलीने १२५ विरुद्ध ७९ मतांनी पाडला. ऑक्टोबर २०१३: तिथल्या अध्यक्षीय निवडणुकीला पेस आणि युरोपियन पार्लमेंटच्या शिष्टमंडळांनी मिळून ‘मुक्त, न्याय्य आणि पारदर्शक’ असा दाखला दिला. त्याच निवडणुकीत ओडिरच्या (ओएससीईचं निवडणुका बघणारं कार्यालय) निरीक्षकांनी बघितलेल्या केंद्रांपैकी ५८ टक्के ठिकाणी मतमोजणी वाईट किंवा फार वाईट होती. मग कळलं, की हा भेट म्हणून वाटलेल्या महागड्या कॅव्हिअरचा (माशाची अंडी) आणि पाकिटांचा मामला आहे. २०१८ मध्ये असेंब्लीनेच नेमलेल्या तपास समितीने भ्रष्टाचाराचा दाट संशय नोंदवला आणि कित्येक आजी-माजी सदस्यांना प्रवेशबंदी झाली. ही तुमची मानवी हक्कांची पहारेकरी.

आणि ताजं घ्या. जानेवारी २०२४ मध्ये अझरबैजानच्या शिष्टमंडळाला बसू द्यायचं नाही असा ठराव झाला, टाळ्या पडल्या. मतं किती? बाजूने ७६, विरोधात १०, तटस्थ ४. म्हणजे ३०६ जागांच्या सभागृहात ९० जण. एवढा मोठा निर्णय, आणि दोन तृतीयांशांहून जास्त जागांचं मतच नाही.

शेजारणीबद्दल वाईट वाटतं. पण भावनिक गोष्ट सांगून हे आकडे झाकता येत नाहीत.

माझी गोष्ट ऐका. मी आधी जर्मनीत सहा वर्षं काम केलं, आता आइंडहोवनला आहे. पेन्शनची वर्षं दोन देशांत जुळेनात. एका ओळखीच्याने सांगितलं, युरोपच्या संसदेला लिही. एका सभागृहाच्या कार्यालयाला लिहिलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं, हे आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे लिहिलं, त्यांनी तिसरीकडे बोट दाखवलं. आठ महिने गेले, वर्षं अजून जुळलेली नाहीत. माझ्यासारख्या साध्या माणसाला चार दारं दाखवायची आणि चारही बंद ठेवायची, याला तुम्ही ‘कामाची वाटणी’ म्हणता?

निवृत्त_मास्तर

वाद वाचला. दोघांचंही रक्त तापलेलं दिसतंय, पण या गोंधळाचं मूळ आपल्याच भाषेत आहे ते कुणी बोलत नाही.

‘कौन्सिल ऑफ युरोप’ला आपली वर्तमानपत्रं ‘युरोपीय परिषद’ लिहितात. २७ राष्ट्रप्रमुखांच्या ‘युरोपियन कौन्सिल’लाही ‘युरोपीय परिषद’च लिहितात. मंत्र्यांचं ‘कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन’ आलं की तेही ‘युरोपीय परिषद’. तीन वेगळ्या संस्था, नाव एक. स्ट्रासबर्गच्या न्यायालयाचा निकाल आला की मथळा ‘युरोपीय महासंघाच्या न्यायालयाचा दणका’. ते न्यायालय महासंघाचं नाही, महासंघाचं लक्झेंबर्गला आहे. तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. दरवर्षी पहिला आठवडा हे निस्तरण्यात जायचा. एका दैनिकाला सलग पाच पत्रं पाठवली. एक छापलं, आणि त्यातही माझ्या ‘युरोप परिषदे’चं संपादन करून ‘युरोपीय परिषद’ केलं.

त्यामुळे ‘सडेतोड’ चुकीच्या दारावर गेले यात मला नवल वाटत नाही.

राईनकाठी

मास्तर, शंभर टक्के सहमत. म्हणूनच मी कटाक्षाने ‘युरोप परिषद’ लिहिते.

‘सडेतोड’, बाकू मी विसरलेले नाही. त्या १२५ मतांची लाज मलाही वाटते. पण २०१३ चा तो दाखला एकट्या पेसचा नव्हता, हे तुम्हीच लिहिलंय. ज्यांच्याकडे सगळं सोपवायला निघालात त्या युरोपियन पार्लमेंटचं शिष्टमंडळही त्यावर सही करून होतं. त्याच महिन्यात पार्लमेंटच्या पूर्ण सभागृहाला ठरावात ओडिरचा निष्कर्ष धरून निवडणूक निकषांत बसली नाही असं म्हणावं लागलं. आपल्याच माणसांना खोटं पाडावं लागलं. आणि डिसेंबर २०२२ मध्ये कतारकडून लाच घेतल्याच्या प्रकरणात नोटांनी भरलेल्या बॅगा ब्रसेल्समध्ये सापडल्या, स्ट्रासबर्गमध्ये नाही. लाच खाल्ली म्हणून सभागृह बंद करायचं तर तुमचं लाडकं सभागृहही बंद करा.

आणि ‘भावनिक गोष्ट’ हा शब्द मागे घ्या. तुमची पेन्शन ती खरी अडचण आणि त्या बाईंच्या भावाची नोकरी ती भावनिक गोष्ट?

सडेतोड

शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

स्ट्रासबर्गच्या त्या न्यायालयाने २०१९ मध्ये तुर्कस्तानात तुरुंगात असलेल्या उस्मान कवाला या कार्यकर्त्याला सोडा म्हणून सांगितलं. सोडलं? २०२२ मध्ये युरोप परिषदेच्या मंत्र्यांच्या समितीने तुर्कस्तानविरुद्ध निकाल न पाळल्याची कारवाई सुरू केली, न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं. सोडलं? २०२३ मध्ये तुमच्या असेंब्लीने त्यांना मानवी हक्कांचा हावेल पुरस्कार दिला. माणूस तुरुंगात, पुरस्कार स्ट्रासबर्गमध्ये. अठरा तुर्की खासदार सभागृहात बसून काय करतात?

कोपनहेगनकर

या वादात ओएससीईला सगळ्यांनी एका ओळीत गुंडाळलंय, म्हणून लिहितो.

डेन्मार्कतर्फे अल्पकालीन निरीक्षक म्हणून मी दोनदा गेलोय. देश सांगत नाही. एका शाळेत मतदान केंद्र, बाहेर गुडघाभर बर्फ. आम्ही दोघं आणि दुभाषी मिळून दिवसभर केंद्रं बघत फिरलो आणि मोजणीला त्या शाळेत थांबलो. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून पहाटे तीनपर्यंत मोजणी बघितली. एक गठ्ठा दोनदा मोजला गेला, आम्ही अर्जावर तसं लिहिलं. दुपारी केंद्रावर खासदारांचं एक शिष्टमंडळ येऊन गेलं होतं. कोट न काढता पंधरा मिनिटं उभे राहिले, केंद्रप्रमुखाशी हस्तांदोलन केलं, गेले. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत बोलले तेच. माझा अर्ज कुणी दूरचित्रवाणीवर दाखवला नाही.

तेव्हा मीही ‘सडेतोड’सारखाच चिडलो होतो. मग आमच्या गटप्रमुख बाईंनी सांगितलं ते अजून डोक्यात आहे. त्या म्हणाल्या, आपण वॉर्सातल्या कार्यालयाचे अर्ज भरणारे लोक. त्या देशाचा अध्यक्ष आपल्याला भेटणार नाही. खासदाराला भेटतो, कारण खासदाराने स्वतः मतं मागितलेली असतात. डोळे ओडिरचे आणि तोंड खासदारांचं, अशी ती वाटणी आहे. १९९७ मध्ये ओएससीईच्या असेंब्लीचा आणि ओडिरचा त्यावर लेखी करारही झालाय. बाकूला पेस आणि युरोपियन पार्लमेंटने डोळ्यांचं न ऐकता तोंड उघडलं. ओएससीईची असेंब्ली मात्र ओडिरबरोबर राहिली. ‘सडेतोड’, तुम्ही ज्या असेंब्लीला एका वाक्यात टाळं लावलंत तिने त्या दिवशी अब्रू राखली.

आणि ती ३२३ जणांची आहे, तिच्यात अमेरिका, कॅनडा आणि मध्य आशियाही येतो. कझाकस्तानच्या खासदाराला युरोपियन पार्लमेंटमध्ये कुठली खुर्ची देणार?

ब्रसेल्सवारी

मी एवढे दिवस वाचनमात्र होते. पण ‘राईनकाठी’ यांनी काचेच्या इमारतीचा विषय काढला आणि राहवलं नाही.

मी युरोपियन पार्लमेंटमध्ये कंत्राटावर काम करते. महिन्यातून एकदा रविवारी संध्याकाळपर्यंत कागदपत्रांचा खोका भरून दाराबाहेर ठेवायचा. तो ट्रकमधून स्ट्रासबर्गला जातो. सोमवारी आम्ही गाडीने चारशेहून जास्त किलोमीटर जायचं, गुरुवारी संध्याकाळी परत. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिच्या दिनदर्शिकेत ती त्या आठवड्यांवर काळी फुली मारते. मागच्या हिवाळ्यात तिला ताप होता आणि मी एका हॉटेलच्या खोलीत बसून व्हिडिओवरून तिला झोपवत होते.

हे सगळं कशासाठी? २०१४ मध्ये युरोपीय लेखापरीक्षकांनी हिशोब केला, की स्ट्रासबर्गचं काम ब्रसेल्सला हलवलं तर वर्षाला सुमारे ११.४ कोटी युरो वाचतील. संसदा किती यापेक्षा एकच संसद दोन गावांत का, हा प्रश्न आधी सोडवा.

राईनकाठी

ताई, मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण हे धाग्याला सोडून आहे. आणि दोष स्ट्रासबर्गवर ढकलू नका. सभा इथे घ्यायच्या हे १९९२ मध्ये एडिंबरोत सगळ्या सरकारांनी मिळून ठरवलं, पुढे ॲमस्टरडॅमच्या करारात घातलं. वर्षाला बारा अधिवेशनं ती तिथली.

ब्रसेल्सवारी

सोडून नाहीये. सरकारांनी ठरवलं हेच तर दुखणं आहे! स्वतः कुठे बसायचं हे ठरवण्याचा हक्क ज्या संसदेला नाही, तिला तुम्ही कसली संसद म्हणता? नोव्हेंबर २०१३ मध्ये ४८३ विरुद्ध १४१ मतांनी सदस्यांनी म्हटलं, की आमची जागा आम्हाला ठरवू द्या. काय झालं? काही नाही. कारण करार बदलायला सगळे देश लागतात आणि फ्रान्स होणार नाही. त्याआधी एका आठवड्यात दोन अधिवेशनं बसवून फेरी वाचवायचा प्रयत्न केला, तर फ्रान्स न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०१२ मध्ये जिंकलं.

मार्च २०२० ते जून २०२१ करोनात एकही फेरी झाली नाही. कायदे झाले, अंदाजपत्रक झालं. युरोप बुडाला नाही.

सडेतोड

+१. माझ्या लेखात हा मुद्दा राहून गेला होता.

राईनकाठी

राहून गेला नाही, तुम्हाला आत्ता हाताला लागला.

ताई, स्ट्रासबर्गचा हा प्रांत, एल्सास, १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, १९१८ मध्ये फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे, युद्धाच्या शेवटी पुन्हा फ्रान्सकडे. माझ्या घरमालकीणबाईंच्या आजीचं नाव एकाच जन्मात चार वेळा बदललं, शाळेची भाषा चार वेळा बदलली. त्याच प्रांतातल्या स्ट्रासबर्गात जर्मन आणि फ्रेंच खासदार एका सभागृहात बसतात. हे ११.४ कोटींच्या वहीत कुठे लिहायचं?

ब्रसेल्सवारी

ते लिहायला पेस आहे ना! आणि न्यायालय आहे. जर्मन आणि फ्रेंच खासदार तिथे १९५० च्या दशकापासून एकत्र बसतात, आणि त्यांच्याबरोबर ४४ देश आणखी. प्रतीक हवं तर ते आधीच आहे, आणि आमच्यापेक्षा मोठं आहे. त्याच्या शेजारी दुसरं प्रतीक उभं करायला माझी मुलगी फुल्या मारतेय.

खरं सांगू का, तुमच्या गावाला अधिवेशनाच्या आठवड्यात हॉटेलं भरतात, तो पैसा दिसतो.

राईनकाठी

माझं गाव केल आहे आणि माझं हॉटेल नाही. अधिवेशनाच्या आठवड्यात माझे बाबा साताऱ्याहून आले होते. आमचं घर एका खोलीचं, म्हणून पलीकडे खोली शोधत होते. नेहमीच्या तिप्पट भाडं सांगितलं. शेवटी बाबा स्वयंपाकघरात गादी टाकून झोपले, तेही पाठीच्या दुखण्यासकट. त्यामुळे त्या पैशातलं मला काय मिळतं ते मला सांगू नका. मी ज्यासाठी भांडतेय त्यात माझा एक सेंटसुद्धा नाही.

ब्रसेल्सवारी

माफ करा. ते लिहायला नको होतं.

निवृत्त_मास्तर

आता दोघी शांत झालात तर एक विचारतो. ‘ब्रसेल्सवारी’ म्हणतात ते ‘राईनकाठी’ यांच्याच बाजूने जातं हे कुणाच्या लक्षात आलं का? युरोपियन पार्लमेंट ब्रसेल्सला, कायदे आणि पैसा तिथे. स्ट्रासबर्ग युरोप परिषदेला, मानवी हक्क आणि न्यायालय इथे. गावंही वेगळी, कामंही वेगळी. मग कुणी चुकीच्या दारावर जाणार नाही.

राईनकाठी

सर, आखायला सोपं आहे. पण पेस वर्षातून चार आठवडे बसते. बाकीचे अठ्ठेचाळीस आठवडे त्या काचेच्या इमारतीचं काय?

(सीमारेषा स्वच्छ राहत नाहीत, हे मात्र मान्य करते. २००७ मध्ये युरोपीय संघाने व्हिएन्नात मूलभूत हक्कांची स्वतःची संस्था काढली तेव्हा पेसने दुहेरी कामाचा धोका ओरडून सांगितला होता. त्याच वर्षी दोन्ही सभागृहांनी सहकार्याचा करार केला, संयुक्त बैठका घ्यायचं ठरवलं. तरी पेगॅसस या फोनवर पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर दोघींनी पुन्हा स्वतंत्र चौकशा केल्याच.)

सडेतोड

वा! म्हणजे दुहेरी काम होतं हे आता तुम्हीच लिहिलंत. माझ्या लेखातलं मूळ वाक्य तेच होतं.

राईनकाठी

तुमचं मूळ वाक्य ‘टाळं लावा’ होतं. दोन डॉक्टरांनी एकच रोगी तपासला म्हणून एकाचा दवाखाना बंद करत नाहीत. पेगॅससमध्ये पार्लमेंटची समिती पोलंड आणि हंगेरीला जाऊन आली. अझरबैजानवर तिची हुकमत नव्हती. तिथल्या पत्रकारांच्या फोनबद्दल अझरबैजानच्या सरकारकडे जाब मागितला तो पेसने.

निवृत्त_मास्तर

या भांडणाचं उत्तर एका मसुद्यात लिहून ठेवलेलं आहे. लिस्बन करारात युरोपीय संघाने युरोप परिषदेच्या मानवी हक्क करारात सामील व्हायचं ठरलं. ते झालं की पेसमध्ये न्यायाधीश निवडायच्या वेळी युरोपियन पार्लमेंटचं शिष्टमंडळ येऊन मत देणार. जागा सर्वांत मोठ्या देशाइतक्या, म्हणजे १८. डिसेंबर २०१४ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने तो मसुदा अडवला. पुन्हा वाटाघाटी झाल्या, मार्च २०२३ मध्ये नवीन मसुद्यावर वाटाघाटी करणाऱ्यांचं एकमत झालं. दोघी एका खोलीत कशा बसतील याचा याहून नेमका नकाशा मी पाहिलेला नाही.

सडेतोड

म्हणजे पार्लमेंट पेसमध्ये जाणार. पेस पार्लमेंटमध्ये नाही.

निवृत्त_मास्तर

बरोबर. आणि तुर्कस्तानाइतक्याच जागा घेऊन.

सडेतोड

हा मसुदा मला माहीत नव्हता. रात्री वाचून काढला. ठीक आहे, न्यायाधीश निवडण्यापुरती पेस लागते, हे मान्य करतो. तेवढंच. यादीतून पेसचं नाव काढतो, नाटो आणि बेनेलक्सचं काढत नाही. एक दाखला देतो, त्याला उत्तर द्या: पश्चिम युरोपीय संघाची (जुनी संरक्षण संघटना) असेंब्ली. १९५५ पासून पॅरिसला बसत होती, संरक्षणावर अहवाल लिहीत होती. २०११ च्या जूनमध्ये बंद केली. कुणाचं काय अडलं?

कोपनहेगनकर

फारसं नाही. हे मान्य करायला मला आवडत नाही, पण त्या असेंब्लीत पेसचीच शिष्टमंडळं टोपी बदलून बसायची. तुमचं ‘तेच खासदार’ तिथे अक्षरशः खरं होतं.

पण एक उरलंच. त्या असेंब्लीत राष्ट्रीय खासदार संरक्षणावर प्रश्न विचारू शकत होते. सैन्य पाठवायचं की नाही हे प्रत्येक देशातच ठरतं, युरोपियन पार्लमेंटमध्ये नाही. आता त्यासाठी वर्षातून दोनदा एक आंतरसंसदीय परिषद भरते. म्हणजे एक असेंब्ली बंद केलीत आणि तिच्या जागी एक परिषद काढावी लागली. मोजा आता किती वाचल्या.

आणि मोठ्या टेबलाची किंमतही सांगून टाकतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतो असं होणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्याला बरोबर वर्ष होत असताना, ओएससीईच्या असेंब्लीच्या व्हिएन्नातल्या बैठकीला रशियाचं शिष्टमंडळ येऊन बसलं, कारण ऑस्ट्रियाने व्हिसा दिले. माझ्या कार्यालयात एक युक्रेनियन सहकारी आहे. त्या आठवड्यात तो माझ्याशी बोलला नाही. मी त्याला ‘संवाद हवा’ वगैरे सांगायला गेलो होतो, ती माझी चूक. युरोप परिषदेने मार्च २०२२ मध्येच रशियाला काढलं होतं. ओएससीईत तशी सोय नव्हती. शेवटी जुलै २०२४ मध्ये रशियानेच असेंब्लीतला सहभाग थांबवला.

राईनकाठी

‘काढलं’ म्हणताना पेसचं २०१९ लपवू नका. रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यानंतर त्याचा मताधिकार काढून घेतला होता. त्यांनी वर्गणी थांबवली आणि जून २०१९ मध्ये पेसने त्यांना परत घेतलं. ११८ विरुद्ध ६२. युक्रेनचं शिष्टमंडळ निषेध करून उठून गेलं. मी तेव्हा ‘परत घेतलं तरच रशियन नागरिकांना न्यायालय उघडं राहील’ असं इथेच ठासून लिहिलं होतं. तीन वर्षं उघडं राहिलं, त्याचा फायदा झालेले लोक आहेत. तरीही आज तो प्रतिसाद वाचवत नाही.

सडेतोड

हे तुम्ही लिहाल असं वाटलं नव्हतं. असो.

कवालांचं उत्तर मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

राईनकाठी

नाही दिलं, कारण माझ्याकडे नाही. शेजारच्या बाईंना विचारलं काल. म्हणाल्या, अठरा जणांतले विरोधी पक्षाचे परत गेले की अंकाराच्या सभागृहात निकालाचा क्रमांक वाचून दाखवतात. तेवढं तरी नोंदीवर येतं. त्या अजून दर अधिवेशनाला थेट प्रक्षेपण लावून बसतात.

ब्रसेल्सवारी

‘सडेतोड’, सगळ्यांच्या भांडणात तुमची पेन्शन राहून गेली. दोन देशांतल्या विम्याच्या वर्षांची जोडणी हा संघाच्या कायद्याचा विषय आहे, युरोप परिषदेचा नाही. युरोपियन पार्लमेंटच्या याचिका समितीकडे अर्ज करा. कुठला देश, कुठली वर्षं, कुणी काय उत्तर दिलं ते तारखेसह लिहा आणि जुनी सगळी पत्रं जोडा. समितीला वाटलं तर ती युरोपीय आयोगाकडून उत्तर मागवते. समिती पेन्शन मंजूर करत नाही, आणि महिन्याभरात होईल असंही समजू नका.

सडेतोड

माझ्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे. चालेल?

ब्रसेल्सवारी

चालेल. नागरिक असायची अट नाही, संघात राहणारा कुणीही करू शकतो. २४ अधिकृत भाषांपैकी कुठलीही घ्या. तुम्हाला डच येत नसेल तर इंग्रजीत लिहा.

सडेतोड

डच येते. जर्मनीची पत्रं जर्मनमध्ये आहेत, ती तशीच जोडतो. आज रात्री बसतो.